एक्केचाळिसावी सही

गावाहून,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मंगल हिला थोरल्या भावाचे, पंडितआण्णाचे पोटभर आशीर्वाद.

ऊसतोडीचा तुमचा ट्रॅक्टर मांजरसुंब्याच्या पुढं निघाला आणि दुसऱ्या दिवशी तळावर राहायच्या कोप्या उभ्या राहिल्या, हे राजीने फोनवर ऐकून मला पाटीवर लिहून दाखवलं. माझे कान आता साफ गेलेत. फोन लावला की नुसतं घोंघावतं. तेव्हा आपलं पत्रावरच चालू दे. सातवीपर्यंत शिकवलंय तुला, ते कधी उपयोगाला यायचं?

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांचं हंगामी वसतिगृह दिवाळीनंतर उघडेल, या भरवशावर तू नातीला आठ दिवसांसाठी माझ्याकडं ठेवलीस. आज सतरावा दिवस. शाळेच्या त्या दोन खोल्यांत दुधाचे कॅन लावून ठेवलेत. गेल्या वर्षी बावीस पोरं तिथं राहिली होती. ग्रामसेवकाला विचारलं, तर तो वर बोट दाखवतो.

राजी मजेत आहे. माझी शाळेतली जुनी इतिहासाची पुस्तकं तिने उपसून काढली. फ्रान्समधल्या लोकांच्या सभेचं दार बंद केलं, तेव्हा ते चेंडू खेळायच्या जागेत जमले आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेऊन त्यांनी खाली सह्या केल्या, हे तिला फार आवडलं. सगळ्यांनीच केल्या का, असं तिने विचारलं. एकाने विरोध केला आणि आपल्या नावापुढं तसं लिहिलं, असं मी सांगितलं. तेव्हापासून तिचा आवडता माणूस तोच. हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला, पण असलं कुणी विचारलं नव्हतं.

दाजी म्हाळूबांना नमस्कार. हाताला चिंध्या बांधून ऊस तोड. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
आण्णा

*

कारखान्याचा तळ,
२२ नोव्हेंबर २०२५

ती. आण्णांच्या पायांवर मंगलचा डोकं टेकून नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षराला हसू नका. दिवसभर कोयता धरल्यावर बोटं पेनाभोवती मिटत नाहीत. आमचं ठीक. पहाटे फडात जातो, मोळ्या बांधून गाडी भरली की अंगात काही राहत नाही. यंदा मलाच लवकर थकायला होतंय. यांच्या मते मी म्हातारी झाले. यांनी आरशात पाहून किती दिवस झाले, ते मी विचारलं नाही.

वसतिगृह उघडलं नाही, म्हणून आमच्या टोळीतली अकरा पोरं आई-बापाबरोबर इकडंच आलीत. राजीच्या वर्गातली अंजू दिवसभर लहान भावाला कडेवर घेऊन उसाचे वाढे, म्हणजे जनावरांना घालायचे हिरवे शेंडे, गोळा करते. परवा तिच्या आईने मला विचारलं, तुझी राजी आण्णाकडं हाय, आमच्या पोरीनं काहून वाढे वेचायचे, तिला कुठला आण्णा न्हाई म्हणून? राजीला इथंच बोलावून घे, असं यांचंही चाललंय. तिचे आईबाप, युवराज आणि सूनबाई, कर्नाटकातल्या टोळीत आहेत. त्यांनी सगळं माझ्यावर सोडलंय.

आण्णा, तुम्ही एकदा बीडला जाऊन या. आम्हाला न विचारता खोल्या दिल्या कुणी, ते कागदावर बघा. तुमच्याइतकं कागदातलं कळणारं आमच्यात दुसरं कुणी नाही.

मिठाच्या डब्यात साखर घालत असाल, तर राजीला विचारत जा. माया असू द्या.

तुमची,
मंगल

*

गावाहून,
५ डिसेंबर २०२५

चि. सौ. मंगल हिला आशीर्वाद.

बीडला जाऊन आलो. तीन टेबलं फिरल्यावर कागद मिळाला. मागच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव आहे. ऊसतोडीला जाणारे पालक मुलांना सोबत नेण्यास राजी आहेत, वसतिगृहाची गरज नाही, खोल्या दूध संकलनाला द्याव्यात. दूध सरपंचाच्या पुतण्याचं. खाली लिहिलंय, संबंधित पालक सभेस हजर होते व त्यांनी संमती दिली. सोबत सह्यांची यादी. त्यात एक्केचाळिसावी सही तुझी.

२६ जानेवारीला तू उसात होतीस, हे कारकुनाला ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे, कारण ती सही मीच केली.

आता सगळंच सांगतो. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. हंगामात गाव निम्मं रिकामं. सभा भरली नाही तर निधी अडकतो, म्हणून बारा वर्षांपूर्वी ग्रामसेवक हजेरीचं रजिस्टर माझ्या घरी घेऊन आला. गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय, तेवढं उरकून टाका, असं म्हणाला. निम्म्या गावाला मीच लिहायला शिकवलंय, त्यामुळं कोणाचा हात कसा वळतो ते मला पाठ आहे. गावाचं काम म्हणून दर सव्वीस जानेवारीला मी गैरहजर माणसांच्या सह्या करत आलो. ठराव नंतर लिहितात. ते मी कधी वाचले नाहीत. वर्गात मात्र सांगत होतो, राष्ट्र म्हणजे नकाशा नव्हे, हजेरी देणारी माणसं. निजामाच्या राजवटीत आपल्या बापाने धोतरात गुंडाळून झेंडा आणला आणि पाठीवर काठ्या खाल्ल्या, हेही सांगत होतो.

मला माफ कर, असं लिहवत नाही. माफीच्या लायकीचा मी नाही. राजीला अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
आण्णा

*

कारखान्याचा तळ,
१६ डिसेंबर २०२५

ती. आण्णांस नमस्कार.

तुमचं पत्र चुलीत घालायला उठले होते. चूल पेटली नव्हती म्हणून वाचलं.

माझ्या लग्नाच्या आधी तुम्ही ओसरीत बसवून आठ दिवस माझ्याकडून सही घोटून घेतलीत. माझी बहीण अंगठा लावणारी राहणार नाही, म्हणत होतात. आण्णा, मी अंगठाच लावत राहिले असते तर बरं झालं असतं. अंगठा तुम्हाला करता आला नसता.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिव्या दिल्या असत्या. तुम्हाला काय देऊ? भाऊबीजेला ओवाळते मी तुम्हाला.

टोळीला सांगितलं. अंजूची आई एवढंच बोलली की, गुरुजी बी तसलेच निघाले.

आता दोन गोष्टी. येत्या सव्वीस जानेवारीला आमच्या नावांपुढच्या जागा रिकाम्या राहिल्या पाहिजेत. सभा मोडली तर मोडू द्या. आणि राजीला पुढच्या गाडीने पाठवून द्या. बाकीच्या पोरी वाढे वेचतात आणि माझी तेवढी पुस्तकं वाचते, हे मला आता सोसत नाही.

मंगल

*

गावाहून,
२४ डिसेंबर २०२५

चि. मंगल हिस आशीर्वाद.

रजिस्टर मी हातात धरणार नाही. हे कबूल.

राजीला पाठवत नाही. तिला सगळं सांगितलं. दोन दिवस तिने पाटी माझ्यापुढं आणली नाही. मला ऐकू येत नाही, पण तेवढं कळतं. तिसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, आजोबा, अंजूला इथं बोलवा.

तेव्हा असं कर. माझी पुढची खोली आणि पडवी रिकामी पडली आहे. वसतिगृहात स्वयंपाक करणारी उज्ज्वला इथंच राहायला यायला तयार आहे. धान्याचं मी बघतो. ज्यांना पाठवायची आहेत, त्यांनी पोरं माझ्याकडं पाठवावीत. माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणत नाही. उज्ज्वलावर ठेवा. पोरांचा गोंधळ मला सोसेल का, असं तिने विचारलं. म्हटलं, देवाने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे.

मार्चपर्यंत राजी शाळेत राहिली, तर तिचं वर्ष वाचेल. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नको. एवढं ऐक.

तुझाच,
आण्णा

*

कारखान्याचा तळ,
१४ जानेवारी २०२६

ती. आण्णांस मंगलचा वाकून नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ पाठवते. गोड बोला म्हणायचं अजून जिवावर येतंय, तरी घ्या.

राजी राहू दे. गावाकडं परतणाऱ्या ट्रॅक्टरवर अंजूला धरून चार पोरं पाठवलीत. बाकीच्या आयांची छाती झाली नाही. दोघी म्हणाल्या, धाकटं कोण सांभाळणार. खोटं नाही ते. अंजूच्या भावाला आता मी पाठीशी बांधून मोळ्या उचलते. कंबर बोलते, पण चालतंय.

सोबत एक कागद आहे. आम्हाला सव्वीस तारखेला यायचं होतं. मुकादमाने सोडलं नाही. खाडा झाला तर परत येऊ नका म्हणाला. मग राजीने फोनवर अंजूच्या आईला तो चेंडूच्या जागेतल्या लोकांचा धडा सांगितला, आणि तिनेच सगळ्यांना कारखान्याच्या गव्हाणीपाशी, गाड्यांतला ऊस टाकतात तिथं, जमवलं. गुरुजींवर सगळ्यांत जास्त तीच चिडली होती. मागल्या सव्वीस जानेवारीला आम्ही गावात नव्हतो, वसतिगृह बंद करायला कुणी हो म्हटलं नाही, ते उघडा, एवढंच लिहिलंय. खाली एकोणसाठ जण आहेत. कुणी सही केली, कुणी अंगठा. कागदाला उसाचा चिकट रस लागला आहे, तेवढं चालवून घ्या.

आमच्या टोळीतल्या आप्पारावांनी विरोध केला. पोरं आईबापापाशीच पाहिजेत, असं त्यांचं मत. काहींना त्यांचं नाव काढून टाकायचं होतं. मी काढू दिलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने मान्य नाही असं लिहिलंय. राजीला दाखवा.

आणि माझी सही नीट बघून घ्या. तुम्ही शिकवलेली ती मी मोडली. नवी बसवायला आठ दिवस लागले. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

लोभ होता तेवढा आहे, आण्णा. कमी करायला गेले, जमलं नाही.

तुमची,
मंगल

*

गावाहून,
२७ जानेवारी २०२६

चि. सौ. मंगल हिला आणि तिच्या टोळीला पंडितआण्णाचे आशीर्वाद.

काल झेंडावंदन झालं आणि सभा बसली. तेवीस माणसं. रजिस्टर परवाच माझ्या दारात आलं होतं, ते मी तसंच परत पाठवलं. मी उठलो आणि आधी सांगितलं की, बारा वर्षं गैरहजरांच्या सह्या माझ्या हातच्या आहेत. मग तुमचा कागद वाचायला घेतला. समोर तोंडं हलताना दिसत होती, आवाज नाही. राजी शेजारी पाटी घेऊन बसली होती. तिने लिहून दाखवलं, ओरडतायत, तुमी वाचत राहा. एकोणसाठ नावं वाचली. आप्पारावांचं नावही वाचलं, त्यांच्या नकारासकट.

फार आशा धरू नको. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला माणसं मोजत नाहीत. पुढच्या सोमवारी दहाबारा जणांत त्यांना हवं ते होईल. खोल्यांत अजून दूधच आहे. तुमचा कागद मात्र इतिवृत्ताला जोडून घेतला आणि मी पोच घेतली. माझ्यावर गुन्हा नोंदवायचं चाललंय, असं राजीने लिहून दाखवलं. नोंदवू दे. कुठल्या तरी कागदावर माझी खरी सही लागेल.

मी फार दमलोय, मंगल. पडवीत पाच पोरं झोपली आहेत. अंजूला भागाकार येत नाही, उद्यापासून घेतो. भाऊ रडत नाही ना, असं ती रोज विचारते. तेवढं कळव.

एक कबुली राहिली. खोड जित्याची. तुमचा कागद सभेत देण्याआधी तुझी नवी सही मी पाटीवर करून पाहिली. तीनदा केली. जमली नाही.

तुझा,
आण्णा