सिरोंच्याचं हाड कोणाला द्यावं

मी, लटारू तुकाराम दोनाडकर, वय एकोणसत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार ब्रह्मपुरी, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझा उजवा हात दिवाळीपासून लुळा आहे. डोकं शाबूत आहे, आणि जीभ किती शाबूत आहे ते धनराजला विचारा. टायपिंग तोच करतो आहे. गावात मराठी टाइप करणारा दुसरा कोणी चटकन मिळाला असता तर याला बोलावलं नसतं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी मीराबाई हिला. पापड वाळवताना वजन म्हणून तिने उचललेले माझे दगड परत मागू नयेत.

२. हातोडा, छिन्न्या आणि पुस्तकं माझ्या शाळेला. मुलांनी हाताळण्यासाठी, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्यासाठी नव्हे.

३. धनराजच्या कॉम्प्युटर सेंटरमधून दर रविवारी मी नागपूरच्या काही हुशार मुलांना इंटरनेटवरून जीवाश्म शिकवत होतो. मुलं तिकडे एका हॉलमध्ये पडद्यासमोर बसत. इकडे कॅमेरा धनराजचा, खुर्ची धनराजची, म्हणून पडद्यावर तोंडही धनराजचंच. मी बाजूला स्टुलावर. माझा फक्त हात दिसायचा. त्याला मुलं दादा म्हणत आणि मला हातवाले सर. नेट अडकलं की धनराज जोक सांगायचा आणि सगळा हॉल हसायचा. मी जन्मभर शिकवलं, माझ्या वर्गात असं कोणी हसलं नाही. मला याचा मत्सर वाटतो आणि तो कायदेशीर कागदावर यावा अशी माझी इच्छा आहे.

त्याला येत नव्हती अशी एकच गोष्ट. हाडाचा जीवाश्म ओळखायचा तर तुकडा जिभेला लावतात. चिकटला तर बहुधा हाड, नाही तर दगड. माझा हात बाजूला जायचा आणि तुकडा ओला होऊन परत यायचा. धनराज माळकरी, तो तोंड फिरवायचा.

४. सिरोंच्याकडच्या नाल्यात मला मिळालेलं डायनासोरच्या मांडीचं हाड मीराबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत आहे. ते मी वर्गात कधी नेलं नाही. नेलं असतं तर कॅमेऱ्यासमोर यानेच मिरवलं असतं. ते एखाद्या संग्रहालयास द्यावं. धनराज भगवान बुल्ले याने त्याला हातही लावू नये.

इथे टायपिंग थांबलं.

"थांबला काऊन?"

"सर, तुमी दवाखान्यात होते तवा वर्ग मीच घेतला. तुमाले सांगतलं नाई."

मला ते कळलं होतं. वरचं कलम त्याच रागातून आलं आहे.

"तुमचा हात नाई दिसला त पोरं घाबरतीन म्हून मी खुर्ची सोडून तुमच्या स्टुलावर बसलो, सर. निसता हात दाखवला. तुकडा बाजूले नेला न् तसाच परत आनला. थे रिंकू हाये ना, समोर बसते थे, लगेच म्हने, तुकडा कोरडाच आला, हे आपले सर नाहीत. मंग सारेच इचारू लागले, सर कुठी गेले म्हून. मी जोक सांगतला, पन कोनीच हासलं नाई."

मीराबाईने पाणी आणून दिलं. धनराज म्हणाला, कलम चार पुसतो. मी म्हटलं, राहू दे, तेही माझंच आहे.

५. कलम चार रद्द. हाड धनराज यास मिळावं. अट एकच: माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या रविवारी त्याने ते आधी जिभेला लावावं, मगच मुलांना दाखवावं. हाड पंधरा कोटी वर्षांहून जुनं आहे, त्यात मांसाचा कण उरलेला नाही, माळेला बाध येत नाही. तोंड कॅमेऱ्याबाहेर ठेवावं. हात दिसला तर चालेल.

धनराज म्हणाला, "लावतो, सर. पन हात त माहाच राहीन. थे पोरगी वळखनच."

ओळखू दे. हेही टाइप कर.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मी ते ऐकलं, आणि साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा उठवला.

लटारू तुकाराम दोनाडकर (डाव्या अंगठ्याचा ठसा, उजवा हात चालत नाही)

साक्षीदार:
१. सोमाजी राखडे, निवृत्त पोस्टमन (सही)
२. वारलू भोयर, शेजारी (सही)

ठिकाण: ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर
दिनांक: १८ जानेवारी २००९, रविवार, वर्गाच्या आधी