नेव्ही ब्लू आणि काळा

आई, आज मी लक्ष्मी रोडला गेले होते, तुझ्या दुकानात. नववीतल्या त्या दिवाळीनंतर मी त्या मॅचिंग सेंटरची पायरी चढले नव्हते, आणि तू गेल्यावर तर त्या बाजूला जायचं कारणच उरलं नाही. इतकी वर्षं माझी समजूत अशी होती, की मी दुकानात एक वाक्य बोलले आणि त्यामुळे शेठनी तुला काउंटरवरून उठवून मागच्या पिको-फॉलच्या मशीनवर बसवलं. वाक्य माझं, शिक्षा त्यांनी दिलेली, अशी मी वाटणी करून ठेवली होती. ती आज मोडली. हे पत्र कुठेही जाणार नाही हे मला माहीत आहे. तसं नसतं तर मी लिहायला बसले नसते.

पुढच्या रविवारी माझं लग्न आहे. तुझी पांढरी साडी नेसणार आहे, वैशाख पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचीस ती. तुझा ब्लाउज मला होत नाही, म्हणून नवा पीस हवा होता. पिंपरीहून मेट्रोनं मंडईला उतरले आणि चालत गेले. रस्ता होता तसाच आहे: सराफांच्या काचा, त्यांना टेकून रुमाल-क्लिपा विकणारे, दुकानाबाहेर पिशव्या सांभाळत उभे राहिलेले नवरे. एक बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, की फार गर्दी आहे, लोक वाटेतच उभे राहतात.

मी काय काम करते हे तुला माहीत असायचं कारण नाही. चाकणजवळ एका कारखान्याच्या रंगाच्या लॅबमध्ये आहे. गाडीचं दार एकीकडे रंगतं, बंपर दुसरीकडे, आणि दोन्हींचा रंग एकच आहे की नाही हे मी सांगते. त्यासाठी हातात धरायचं एक मीटर असतं. ते मी आज पर्समधून नेलं होतं. काउंटरवरच्या माणसानं पाच-सहा पांढरे तागे काढले. मी साडीवर मीटर टेकवलं, मग एकेका ताग्यावर.

"कापड बघताय की ताप, मॅडम?" तो म्हणाला. चौथ्या ताग्याला फरक जवळजवळ शून्य आला. हा द्या, मी म्हणाले. त्यानं कात्री उचलली आणि परत ठेवली. "आधी उजेडात बघून या. लग्नात काही मशीन घेऊन उभ्या राहणार नाही."

पायरीवर गेले. उन्हात तो पीस साडीशेजारी पिवळट दिसत होता. तू दर धुण्यात त्या साडीला नीळ आणि सफेदी द्यायचीस, आणि ती सफेदी उन्हात चमकते. ती चमकते उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि माझ्या मीटरच्या दिव्यात ते नसतात. हे मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते.

मी आत वळले तेव्हा गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. शेठ. केस पूर्ण गेलेत, आवाज तोच आहे. मला म्हणाले, "ताईंची मुलगी ना तू? पाठ उन्हाकडे करून, कापड कोपरावर टाकून अशा त्याच उभ्या राहायच्या." मी हो म्हणाले. त्यांनी खुर्ची मागवली. मी उभीच राहिले.

ती दिवाळी तुला मी सांगायला नको, पण क्रमानं लिहिते. शाळा सुटल्यावर मी दुकानात येते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसते. काउंटरवर तीन रांगा बायका. बाहेर अंधार पडलेला, त्यामुळे पायरीवर जाऊन बघायची सोय नाही. एक बाई नेव्ही ब्लू साडी घेऊन आलेल्या. तू न बघितल्यासारखा हात वर करतेस, तागा खाली येतो. त्या बाई शेजारणीला सांगतात, की ह्यांची नजर म्हणजे नजर, अख्ख्या रस्त्यावर असं कुणी नाही. तू कात्री लावणार, तेवढ्यात मी म्हणते, "आई, तो काळा आहे." त्या बाई कापड दिव्याखाली धरतात. अगंबाई, खरंच की. मग मागच्या दोघीजणी आपापले घेतलेले पीस पिशवीतून काढून बघायला लागतात. तू कात्री ठेवतेस आणि म्हणतेस, "बरोबर आहे तिचं."

आज मी शेठना सरळ विचारलं, की एका चुकीसाठी तिला मागे का बसवलंत. त्यांनी गल्ल्याचा खण बंद केला. मग म्हणाले, "मी नाही बसवलं. डोळ्यांत मोतीबिंदू धरतोय हे ताईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, दिवाळी काढा, मग ऑपरेशन करा, काउंटर तुमचाच आहे. पण दुसऱ्या दिवशी आल्या त्या थेट मागे जाऊन बसल्या. म्हणाल्या, माझी मुलगी उगाच बोलत नाही, ती म्हणाली म्हणजे तसंच आहे." ऑपरेशननंतर त्यांनी तुला पुन्हा बोलावलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस, आता बायका कापडाऐवजी माझ्या डोळ्यांकडे बघतील.

पीस शेवटी त्यांनी स्वतः काढून दिला. उन्हात धरून बघितला, जुळला. मीटर मी पुन्हा बाहेर काढलं नाही. येताना त्यांच्या पाया पडले नाही, पण लग्नाला या म्हणाले. येईन, असं ते म्हणाले.

मेट्रोत बसल्यावर मला त्या दिवाळीतली आपली ओट्याजवळची गोष्ट आठवली. घरी आल्यावर तू पर्स खुंटीला लावलीस आणि कणीक मळायला घेतलीस. वर न बघता विचारलंस, "तुझ्या हे कधी लक्षात आलं?"

मी म्हणाले, "आजच." तू "बरं" म्हणालीस आणि पाणी मागितलंस.

आजच नव्हतं, आई. तीन आठवडे झाले होते. माझ्या नेव्ही ब्लू स्कर्टची उसवलेली पट्टी तू काळ्या दोऱ्यानं शिवलीस, तेव्हाच मला कळलं होतं. नंतर दुकानात तुला आणखी दोनदा चुकताना बघितलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. खात्री करून घेतेय, असं मी स्वतःला सांगत होते. खात्री पहिल्याच दिवशी झाली होती. त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी आपण दोघीच घरी असायचो. तिथे सांगितलं असतं, तर माझं बरोबर आहे हे फक्त तुलाच कळलं असतं.