खाटेची डावी बाजू

मंगळवार, संध्याकाळ

टँकर आजही आला नाही. पाय दुखतायत. पण डोक्यात एकच, माझी मेडिकलची ती सगळी मुलं पेशंटच्या खाटेच्या डावीकडे का उभी राहिली?

पोट कसं तपासायचं ते शिकवणारा व्हिडिओ मीच केला. नियमाप्रमाणे मी पेशंटच्या उजवीकडे, मोबाइलचा कॅमेरा समोर, म्हणजे पेशंटच्या डावीकडे. साखर कारखान्याने कॉलेजला दिलेल्या प्रोजेक्टरवर मुलांनी तो पुन्हापुन्हा पाहिला. आई तर गावभर सांगत होती, पोरीचा पिक्चर निघालाय. आणि आज वॉर्डात सगळी नेमकी कॅमेऱ्याच्या जागी जाऊन उभी! तिथून आडवं वाकून यकृत चाचपत होती. खाटेवरच्या पेशंट, नांदूरघाटच्या शेळ्या राखणाऱ्या मावशी, शेवटी वैतागल्या. "दुखतंय हिकडं, अन् तुमी समदे तिकडून कावून वाकताय? हिकडं काय साप हाय का?"

मुलं हसली. मला हसू येईना. "मॅडम, व्हिडिओत इथूनच दिसत होतं," सोनाली म्हणाली. खरंच की.

विभागप्रमुख सरांना व्हिडिओ मुळातच नको होते. हे कळलं तर बंदच करतील. गप्प बसावं? पण दुसऱ्या तुकडीनेही तोच पाहिलाय आणि त्यांची परीक्षा परवा. डावीकडे उभी राहिली तर नापास.

शेवटी ग्रुपवर लिहिलं, "माझ्या व्हिडिओवरून शिकू नका, कॅमेरा चुकीच्या बाजूला होता. उद्या सकाळी वॉर्डात या, हात धरून शिकवते."

सर त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी वाचलंय.