एक्स्टेन्शन तलासरीत बसतं, डहाणूत नाही

डहाणू,
१२ फेब्रुवारी २०१९

चि. ऋषभ यास चिमणकाकाचे आशीर्वाद.

तुझं पोट आता ठिकाणावर आलं असेल. पुण्यात बाहेरचं खाऊ नकोस हे मी सांगायचं आणि तू ऐकायचं नाही, असं आपलं ठरलेलंच आहे. इकडे तुझी नर्मदाकाकू बरी आहे. मीही बरा आहे असं ती सगळ्यांना सांगते, म्हणजे असेन. अक्षर माझं नाही हे तुला दिसलंच असेल. शेजारची संगीता लिहून घेतेय. (अंगणवाडीत दिवसभर पोरांना गिरवायला लावते, आता तिनेही जरा गिरवावं.)

फोनवर तुझ्याशी बोलण्यात राम नाही. ‘काका, उजवीकडे वर कोपऱ्यात बघा’ हे एकच पालुपद तू लावतोस आणि मग आपलं भांडण होतं. म्हणून सगळं लेखी कळवतो. नोव्हेंबरपासून इथली जमीन हलतेय. कुठे किती हादरा बसला ते वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि डोळे महिनाभर असे दमलेत की ओळ संपायच्या आत अक्षरंच संपतात. तू म्हणालास, ब्राउझरमध्ये वाचून दाखवणारं एक्स्टेन्शन बसवा, कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र येईल, ते दाबलं की बातमी ऐकू येईल. बसवलं. कर्णा नाही. काढलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, परत बसवलं. कर्णा नाही. अख्खा ब्राउझर उपटून नवा घातला, देवाला नारळ फोडला (काकूच्या आग्रहाखातर, माझा विश्वास नाही), तरी कर्णा नाही तो नाहीच. पाचव्यांदा बसवायला गेलो तर यंत्र म्हणतं, हे आधीच बसवलेलं आहे! अरे मेल्या, बसवलंय तर दाखव ना! यापेक्षा आमच्या चिकूवाडीचा राखणदार काकड्या बरा, निदान तोंडावर ‘नाही’ म्हणतो.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा गोणपाटात बांधून स्कूटरवर घातला आणि तलासरीला प्रवीणच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. (वाटेत दोन टेम्पो एकदम अंगावर आले. हॉर्न नाही, काही नाही, कुठून उगवतात कोण जाणे.) प्रवीणने चालू केला मात्र, पहिल्या झटक्यात एक बाई हिंदी वळणाच्या मराठीत हादऱ्याची बातमी वाचायला लागली! “काका, याला कायपण झालेलं नाय,” असं म्हणून तो हसत सुटला. माझा चारचौघांत पचका झाला. घरी आणून जोडला, तर कर्णा पुन्हा गायब. तेव्हा हे एक्स्टेन्शन तलासरी तालुक्यापुरतंच आहे, असं माझं ठाम मत झालेलं आहे.

एकूण दिवसच वाईट आलेत रे. काकूने ताटात मासा वाढणं बंद केलंय. धाकट्या डहाणूहून ताजे बोंबील येतात, घरभर वास सुटतो, आणि माझ्यापुढे नुसता भात. विचारलं की पदर डोळ्यांना लावते. चहाचा कप हात लागायच्या आत पडतो, तो हादऱ्याने. दाराची चौकट रोज खांद्यावर आपटते, तीही सरकली असणार. (संगीता इथे थांबली. लिही गं, भूकंपात चौकटी सरकतात.) खोटं कशाला बोलू, मला हल्ली भीती वाटते. सगळे मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताहेत असं वाटतं. निदान बातमी तरी कुणी सरळ वाचून दाखवावी, एवढंच मागणं आहे.

तुझा,
चिमणकाका

ता. क. रविवारी तूच येऊन ते बसवून दे. बसने चारोटीला उतर, मी स्कूटर घेऊन न्यायला येतो.

आणखी ता. क. आलास की काकूला माशाचं तूच विचार. मी विचारलं की रडते.

ऋषभदादा, हे मी संगीता माझ्या मनाने लिहितेय. एक्स्टेन्शन पहिल्याच दिवशी बसलं होतं. कर्णा उजव्या कोपऱ्यात आहे, काल मी दाबून बघितला. काकू रोज मासा वाढतात, तो ताटात उजवीकडे तसाच पडून राहतो. कप, चौकट, टेम्पो, सगळं उजवीकडचंच. महिन्यापूर्वी काका न्हाणीत चक्कर येऊन पडले होते. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून त्यांनी काकूंना शपथ घातलीय, आणि तुमचा नंबर काकांच्याच फोनमध्ये आहे, तो ते हातातून सोडत नाहीत. डॉक्टरचं नाव काढलं तर माझ्यावर ओरडले. चारोटीला उतरू नका, ते हायवेवर स्कूटर काढतील. रविवारची वाटही बघू नका. पत्र मिळालं की ट्रेनने डहाणूला या आणि म्हणा, कॉम्प्युटर वापीला दाखवायचाय, मालकाला सोबत यावं लागतं. मोठं हॉस्पिटल वापीलाच आहे. कॉम्प्युटरसाठी ते येतील, स्वतःसाठी नाही येणार.

त्यांचं पत्र मी कागदाच्या डाव्या अर्ध्यात उतरवलं आणि हे सगळं उजव्या अर्ध्यात, त्यांच्यासमोर बसूनच लिहिलं. आत्ता पाकिटात घालायच्या आधी काकांनी कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, “अर्धा कागद कोराच सोडलास की गं!”