गाडीतला नवा हीटर

तीर्थरूप दादा, नमस्कार.

मी ठणठणीत आहे. मी राहतो त्या घरासारख्या गाडीत आता विजेचा हीटर आणलाय. दुकानदार मोठा गळ्यात मारत होता, पण गाडीच्या वायरिंगला तेवढा भार झेपत नाही. म्हणून छोटाच घेतला, कलंडला की आपोआप बंद होणारा. तुझ्यासारख्या वायरमनचा भाऊ आहे, एवढं कळतं. आईचा गुडघा कसा आहे?

इथपर्यंतच आईला वाचून दाखव.

आधी उबेला लावायचो ती गॅसची शेगडी फेकून दिली. मी कामावर असताना गाडीत माझ्यासोबत राहणारा सुतार ती पेटवून झोपला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हवा यायला जागाच नव्हती. आईने सांगितलं म्हणून गारठा अडवायला फटींत चिंध्या मीच कोंबल्या होत्या.

गारठा थांबला का, असं ती विचारेल. थांबला म्हणून सांग.

तुझा,
धाकटा