बागेच्या फाईलमधली सही

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि परवा मी पहिल्यांदाच तुमच्यावर ओरडले, रिकाम्या घरात.

आपल्या जयनगरच्या गल्लीच्या टोकाची बाग अर्धी जातेय. तिथे गाड्या लावायची इमारत होणार. मी चौथीत होते तेव्हा तिथे राडारोडा आणि डुकरं होती. एका रविवारी तुम्ही फावडं घेऊन एकटेच उतरलात. पुढच्या रविवारी शेजारच्या कानडी अक्का घमेलं घेऊन आल्या, मग सगळी गल्ली. उन्हाळ्यात आपण घरून बादल्या न्यायचो. एकदा मी कण्हेरीचं फूल तोडलं, तर सगळ्यांदेखत म्हणालात, "ही बाग आपल्या एकट्याची नाही. विचारलंस कुणाला?" मी रडत घरी आले, पण मनातून केवढा अभिमान वाटला होता तुमचा.

त्याच अभिमानाने परवा वॉर्ड ऑफिसात गेले, बांधकामाला संमती दिली कुणी ते विचारायला. अक्का गुडघे धरत सोबत आल्या आणि खाली बाकावर बसल्या. वर कारकुनाने फाईल माझ्याकडे वळवली आणि हळूच विचारलं, "मॅडम, ही तुमच्या वडिलांचीच सही ना?"

तुमचीच. रहिवासी संघाचे अध्यक्ष म्हणून. वर लिहिलेलं: पूर्वेकडची अर्धी जागा बाग नव्हेच, तिथे काही बांधायला आमची हरकत नाही. गल्लीला याचा पत्ताच नव्हता. मग तारीख पाहिली. नवऱ्याचं घर सोडून लेकीला घेऊन मी परत आले, ते वर्ष. आमच्यासाठी तुम्ही घरावर बिनपरवान्याचा मजला चढवलात. तो पाडायला वॉर्ड ऑफिसची माणसं आली आणि हात न लावता परत गेली. "स्वल्प बोललो, झालं काम," एवढंच म्हणाला होतात. मीही पुढे विचारलं नाही.

मला सांगायचं होतंत, अण्णा. मी भाड्याच्या खोलीत राहिले असते. राहिले असते का? आज त्याच मजल्यावर बसून लिहितेय. खिडकीतून बागेभोवती ठोकलेले पत्रे दिसतात. अक्का रोज सकाळी पत्र्यांच्या फटीतून पाइप आत सरकवून झाडांना पाणी घालतात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि अक्कांना वाचून दाखवायची छाती नाही. त्या दिवशी मी जिना उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं, कळलं का कुणाची सही?"

"नाही अक्का. फाईल सापडत नाही म्हणतात."

"सरी, बरं," त्या माझा हात धरून उठल्या. "तुझे वडील असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं."

मी हो म्हणाले.