डब्याच्या पिशवीतला माउस

रविवार, १२ ऑक्टोबर. जेसल पार्कला धाकट्या भावाकडे जेवायला गेले होते. दुपारी रिक्षाने परतले, कपडे वाळत घातले.

बाबा, तिथे तुमची दोन्ही नातवंडं दोन खोल्यांत मोबाइल घेऊन बसली होती. धाकटा मुलाला म्हणाला, "बस झालं रे, डोळे जातील." मग मुलीच्या दाराशी थांबून त्याने विचारलं, "कोणाशी चाललंय एवढं?" आवाज हुबेहूब तुमचा. माझा घास हातातच राहिला.

पेणकरपाड्यात राहायला आल्यावर तुम्ही माझ्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतलात. दसऱ्याला त्यावर झेंडू वाहिलात, हळदकुंकू लावलंत. कुंकू कीबोर्डमध्ये सांडलं आणि एक बटण कायमचं लाल राहिलं. वर्षभरात आम्हा दोघांनाही नेटचा नाद लागला. धाकटा लेक्चर बुडवून नया नगरच्या सायबर कॅफेत गेम खेळायचा. तुम्ही त्याला ओढून आणायला गेलात आणि शेजारी स्टुलावर बसलात. येताना दोघं वडापाव खाऊन आलात. "काय गाडी चालवतो पोरगा! दोनदा समुद्रात घातली," हे आईला सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हतं. मी कॅफेत बसण्याचा प्रश्नच नव्हता. मुली तिथे भावाला सोबत घेऊन यायच्या, रिझल्ट बघायच्या आणि निघायच्या. मी घरीच, चॅटरूममध्ये. सकाळचं कॉलेज आटपून आले की आई शाळेतून शिकवून येईपर्यंत तिथेच. शेजारी ताटलीतले पोहे वाळून जायचे. एकदा आत्या आली आणि तिने ते पाहिलं. "पोराला नाद लागलाय, सुटेल. ही कोणाशी बोलते ते आधी बघ," असं ती तुम्हाला म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माउस काढून डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसला न्यायला लागलात. समोरच्या गुजराती काकींना फार गंमत वाटली. "भाईसाब, चूहे को भी नौकरी पे लगा दिया?" त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ तो बेटी को खुद कॅमेरे के सामने बिठाते हैं. लड़का कॅनडा में है ना!" त्यांची मुलगी माझ्याच वयाची, तिचं लग्न त्या मुलाशी ठरत होतं. ती तासन्‌तास बसायची आणि काकी मागून सांगायच्या, "पूछ, ठंड कितनी है उधर." तिच्या बसण्याला कोणी नाद म्हणत नव्हतं. आपल्याकडे संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर माउस ओट्यावर यायचा. त्याचं तेल पुसताना आई म्हणायची, "आज ह्याने भेंडी खाल्लेली दिसतेय."

माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर सगळं चालतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला दोन दिवसांत जमलं.

पण आज रिक्षात एक लक्षात आलं. तेव्हा नेट फोनच्या लाइनवर चालायचं. तुम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करायचात, "पोचलीस का?" एवढंच विचारायला. माउस तुमच्या पिशवीत असतानाही तो फोन कितीदा तरी एंगेज लागत असणार. म्हणजे तुम्हाला कळत होतं. तरी एका शब्दाने बोलला नाहीत, आणि आजारी पडेपर्यंत माउस नेत राहिलात. आत्याचं तोंड बंद राहावं म्हणून? की मला एवढं असू द्यावं, असं वाटलं? आता कोणाला विचारणार.

तुम्ही मला एकदाच विचारलं होतंत, "कोणाशी?" मी गप्प राहिले, आणि तुम्ही मान फिरवलीत. बाबा, कोणाशीच नाही. लोक बोलायचे, मी वाचत बसायचे. कोणी मला 'हाय' लिहिलं की मी लगेच बाहेर पडायचे. खरंच कोणी मुलगा असता तर सांगणं सोपं होतं. धाकट्याला विचारायचात तसं 'किती वेळ बसतेस गं?' असं विचारलं असतंत, तर मी कदाचित बोलले असते.

आज मीच भाचीच्या खोलीत गेले. "किती वेळ झाला गं?"

तिने घड्याळ पाहिलं. "सकाळपासून, आत्या," ती म्हणाली आणि पलंगावर सरकून मला जागा केली.

हे कॉम्प्युटरवरच लिहिलंय, कुठे पाठवायचं नाहीये. घरात मी एकटीच आहे. इतका वेळ कोणाशी, असं आज विचारलंत, तर मला उत्तर देता येईल: तुमच्याशी. माउसला अजूनही हात लागत नाही माझा. कीबोर्डवरूनच बंद करते, आणि उद्याच्या डब्याची भेंडी पुसून चिरायला घेते.